काळ कानाने ओळखायचा : काळप्रवासाची श्रुतिका घरच्या घरी कशी करावी

जुन्नरजवळच्या नाणेघाटाच्या तोंडाशी एक दगडी रांजण आहे. कोकणातून घाट चढून आलेले व्यापारी त्यात कर टाकत, असं तिथे गेल्यावर कोणीही सांगतं. आमच्या २५ मिनिटांच्या श्रुतिकेत, म्हणजे फक्त कानांनी ऐकायच्या नाटकात, या रांजणात तीन वेळा काहीतरी पडतं. सातवाहनांच्या काळात शिशाचं नाणं पडतं, २०५० मध्ये स्टीलचा रुपया आणि २७५७ मध्ये एक साधा खडा. तीन आवाज, तीन काळ. निवेदक नाही, 'आता आपण भविष्यात जाऊ या' असं सांगणारं कोणी नाही. ऐकणाऱ्याला काळ कानाने कळतो.

ही श्रुतिका आम्ही पाच जणांनी दोन खोल्यांच्या घरात केली. हाताशी दोन माईक होते, एक लॅपटॉप आणि भरपूर गोधड्या. तशी तुम्हालाही करता यावी म्हणून हा लेख आहे. उदाहरण सगळीकडे आमच्याच श्रुतिकेचं घेतो, कारण त्यातला एकेक निर्णय का घेतला ते मला नेमकं सांगता येईल.

पहिली पायरी : दिसणाऱ्या गोष्टी सोडून द्या

बीबीसीने जानेवारी १९२४ मध्ये खास रेडिओसाठी लिहिलेलं एक नाटक सादर केलं. रिचर्ड ह्यूज यांनी लिहिलेलं हे नाटक कोळशाच्या खाणीत घडतं. दिवे जातात आणि माणसं अंधारात अडकतात. ऐकणारा जितका आंधळा तितकीच पात्रंही आंधळी! शंभर वर्षं झाली तरी श्रुतिका लिहिणाऱ्याने पहिला धडा इथेच घ्यावा : जिथे डोळ्यांना काम नाही अशी जागा शोधा.

भविष्याबद्दल लिहायला बसलं की आधी डोळ्यांपुढे येतात ते उंच मनोरे, उडत्या गाड्या, चमकते पडदे. यातलं काहीच ऐकू येत नाही. मग पात्रांच्या तोंडी 'ते बघ, केवढा मोठा काचेचा घुमट!' अशी वाक्यं येतात आणि श्रुतिका तिथेच मरते. म्हणून कथा सुचायच्या आधी कागदावर तीन रकाने पाडा : भूत, वर्तमान, भविष्य. प्रत्येकात फक्त आवाज लिहा. आमच्या पहिल्या कागदावर पहिल्या रकान्यात बैलांच्या गळ्यातल्या घंटा, अनवाणी पावलं आणि वारा होता. दुसऱ्यात बाईक, मोबाईल, पर्यटकांचा गलका, वारा. तिसऱ्यात बराच वेळ एकच शब्द होता : वारा. तिन्ही रकान्यांत समान असलेली गोष्ट सापडली की समजा श्रुतिकेचा कणा सापडला. आम्हाला वारा आणि दगड सापडला, आणि त्यावरून रांजण सुचला.

जागा एकच ठेवा, काळ बदला. चित्रपटाला चार देश दाखवता येतात, पण कानाला चार जागा आणि तीन काळ एकदम पेलत नाहीत. शिवाय जुन्नर तालुक्यासारखी जागा मिळाली तर सोनंच. एकीकडे नाणेघाटातल्या लेण्यात राणी नागनिकेचा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख, दुसरीकडे खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिथे रात्रंदिवस आकाश 'ऐकतात', आणि त्यांना ऐकू येतं ते बहुतेक जुनं असतं, कारण ते तिथून निघाल्याला युगं लोटलेली असतात. आमची नायिका शालन लहानपणी या तबकड्यांच्या परिसरात वाढली, एवढा एकच तपशील घेतला आणि बाकी माहिती देण्याचा मोह टाळला.

दुसरी पायरी : काळाचा एकच नियम ठरवा

काळप्रवासाची गोष्ट फसते ती बहुतेक वेळा नियमांच्या गुंत्यात. नायक मागे जातो, आजोबांना भेटतो, काहीतरी बदलतं, मग ते बदललेलं पुन्हा बदलतं. वाचक पान उलटून मागे जाऊ शकतो. ऐकणारा भाजी चिरत ऐकत असतो, त्याला मागे जाता येत नाही. म्हणून नियम एका वाक्यात मावला पाहिजे. आमचा असा होता : काळात पुढे जाता येतं, मागे येता येत नाही.

याला भौतिकशास्त्राचा आधार आहे आणि तो समजून घेणं कठीण नाही. आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या विशिष्ट सापेक्षतेनुसार वेगात जाणाऱ्याचं घड्याळ थांबलेल्याच्या तुलनेत हळू चालतं. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाला यानातलं एक वर्ष म्हणजे पृथ्वीवरची सुमारे ७ वर्षं. ९९.५ टक्क्यांना १०. आणि ९९.९९ टक्क्यांना सुमारे ७०.७. म्हणजे शालन २०५० मध्ये निघाली, त्या वेगाने तिने १० वर्षं प्रवास केला, तर ती परत येते तेव्हा इथे ७०७ वर्षं उलटून २७५७ उजाडलेलं असतं. वेग घ्यायचा आणि उतरवायचा काळ आम्ही हिशोबात धरला नाही. तिशीत निघालेली बाई चाळिशीत परतली आणि तिच्या ओळखीचं कोणीही उरलेलं नाही. सगळी श्रुतिका या एका आकड्यावर चालते. तो वेग गाठणं आज अशक्य आहे हे खरं, पण एका श्रुतिकेला एक अशक्य गोष्ट माफ असते. दुसरी नसते.

हा परिणाम निव्वळ कल्पनेतला नाही, हे तालमीच्या वेळी नटांना जरूर सांगा. जीपीएसच्या उपग्रहांमधली घड्याळं वेगामुळे थोडी मागे पडतात, पृथ्वीपासून उंचावर गुरुत्व कमी असल्यामुळे त्याहून जास्त पुढे धावतात आणि दोन्ही मिळून दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही तर मोबाईलवरचा नकाशा चुकू लागेल. हे ऐकल्यावर आमच्या शालनचं काम करणारीने एक वाक्य वेगळ्याच सुरात म्हटलं. ते आता तिला खरं वाटत होतं.

आणि आपल्याला हे नवं तरी कुठे आहे? भागवतात ककुद्मी राजाची कथा आहे. मुलगी रेवतीसाठी वर कोण, हे विचारायला तो तिला घेऊन ब्रह्मलोकी जातो, तिथे गायन चाललेलं असतं म्हणून क्षणभर थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटून जातात, त्याच्या मनातले सगळे वर काळाच्या पोटात गेलेले असतात. शेवटी रेवतीचं लग्न बलरामाशी होतं. शालनची आजी तिला निघताना हीच गोष्ट सांगते. सापेक्षता समजावायला आम्हाला एकही शास्त्रज्ञ पात्र लागलं नाही, आजी पुरली.

मागे जाण्याचा मोह मात्र झटकून टाकता आला तर बघा. स्टीफन हॉकिंग यांनी २८ जून २००९ रोजी काळप्रवाशांसाठी मेजवानी ठेवली आणि निमंत्रणं नंतर जाहीर केली. कोणीही आलं नाही. आमच्या श्रुतिकेत भूतकाळात कोणतंही पात्र जात नाही. फक्त ऐकणारा जातो.

तिसरी पायरी : संहिता

संहितेचं पान उभं दोन भागांत वाचता आलं पाहिजे : एक नटासाठी, एक ध्वनीसाठी. ध्वनीच्या सूचना कंसात, संवाद बाहेर. 'ऑफ माईक' म्हणजे माईकपासून लांब, 'फेड इन' म्हणजे आवाज हळूहळू वर, 'फेड आऊट' म्हणजे हळूहळू खाली. एवढी परिभाषा पुरते.

पात्रं कमी ठेवा. एका दृश्यात तीन आवाजांपेक्षा जास्त झाले की ऐकणारा हरवतो. दोन बायकांचे आवाज एकाच पट्टीतले असतील तर एकीला धापा टाकायला लावा, दुसरीला ठसक्यात बोलू द्या. पात्र आलं की पहिल्या दोन वाक्यांत कोणीतरी त्याला हाक मारली पाहिजे. ही सोय आपल्या भाषेत आयती आहे, आपण 'अगं शालन', 'काय गं आजी' असं नाव आणि नातं धरूनच बोलतो.

लांबी ठरवताना पानं मोजू नका. संहिता उभं राहून, मोठ्याने, पात्रांच्या चालीने वाचा आणि घड्याळ लावा. ध्वनी आणि शांतता यांच्यासाठी वर आणखी थोडा वेळ सोडा. आमची पहिली संहिता वाचनात ३४ मिनिटांची निघाली. नऊ मिनिटं कापली त्यातला बहुतेक भाग भविष्यातली राज्यव्यवस्था समजावणारा होता. एकानेही तो परत मागितला नाही.

शेवटच्या दृश्याचा हा तुकडा पाहा :

(घाटातला वारा. लांबून जड बुटांची पावलं, अडखळत. माईकजवळ हलका श्वास.)

शालन : (ऑफ माईक, धापा टाकत जवळ येते) घाट तोच. वाराही तोच.

मुलगी : (अगदी माईकजवळ) आपण कुठून आलो?

शालन : कोण, आपण? तू इथलीच ना? मी आले लांबून. आम्ही मूळचे इथलेच.

मुलगी : 'आम्ही' म्हणजे कोण?

शालन : आम्ही म्हणजे... आमच्या घरचे. आमचं गाव.

मुलगी : त्यात मी आहे?

(वारा. चार सेकंद कोणी बोलत नाही.)

शालन : नाही.

मुलगी : असा शब्द असतो?

इथे संगीत नाही. चार सेकंदांची शांतता कागदावर कमी वाटते, पण ऐकताना ती फार लांब असते. तालमीत एका नटाला राहवलं नाही आणि तो मध्येच 'हं' म्हणाला. तो 'हं' काढून टाकल्यावरच दृश्य उभं राहिलं.

चौथी पायरी : प्रत्येक काळाची मराठी वेगळी

सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्या. महागडा माईक नसला तरी चालेल, भाषा चुकली तर काहीच चालणार नाही.

सातवाहन काळात इथले लोक मराठी बोलत नव्हते, महाराष्ट्री प्राकृत बोलत. ती नटांच्या तोंडी घालून चालणार नाही, कारण ऐकणाऱ्याला कळणार नाही. 'हे राजन्' छापाची संस्कृतप्रचुर भाषाही नको, तिने पात्रं पुठ्ठ्याची होतात. आम्ही एक सोपी चाळणी लावली : जुन्या दृश्यात फारसी, अरबी, पोर्तुगीज आणि इंग्रजीतून आलेला एकही शब्द नको. करून पाहा, धक्का बसेल. हवा गेली, वारा आला. जमीन गेली, भुई आली. बाजार गेला, हाट आला. किंमत गेली, मोल आलं. शहर, दुकान, माल, गरीब, मेहनत, दरवाजा, सगळे बाहेर. खुद्द 'जकात' हाच शब्द अरबी, म्हणून आमचा रांजणापाशी बसलेला माणूस 'शुल्क टाक' म्हणतो. पोर्तुगिजांकडून आलेली चावी आणि पगारही गेला. तास आणि मिनिटं नाहीत, घटका आणि प्रहर आहेत. एक घटका म्हणजे २४ मिनिटं, तेव्हा 'दोन घटकांत घाट उतरशील का' हा प्रश्न किती वेळाचा, ते लिहिणाऱ्याला माहीत हवं.

ऐकणाऱ्याला ही चाळणी दिसत नाही. त्याला फक्त जाणवतं की ही माणसं आपली आहेत आणि आपल्यापासून लांबही आहेत. वाक्यं साधी, आजची, तोंडात बसणारीच ठेवा.

पदार्थांच्या बाबतीतही तेवढंच सावध राहा. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणे हे सगळं अमेरिका खंडातून गेल्या पाचशे वर्षांत आलं. आमच्या व्यापाऱ्याने पहिल्या मसुद्यात भाकरीबरोबर ठेचा खाल्ला होता. तालमीत एकीने विचारलं, 'याला मिरची कुठे मिळाली?' ठेच्याच्या जागी मीठ आलं आणि दृश्याला आणखी बळ आलं, कारण मीठ समुद्रावरून घाट चढून येणारी वस्तू.

आता भविष्य. इथे बहुतेक जण नवे शब्द घडवतात, यंत्रांना चमकदार नावं ठेवतात. ते लवकर शिळं होतं. एक मोजमाप मनाशी धरा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० मधली. तिच्यापासून आपण सव्वासातशेहून जास्त वर्षं लांब आहोत आणि २७५७ हे आपल्यापासून जवळपास तेवढंच पुढे आहे. ज्ञानेश्वरीतली ओवी आज वाचताना शब्द ओळखीचे वाटतात, तरी अर्थासाठी थांबावं लागतं. त्याच अंतरावरून २७५७ ची माणसं आपलं बोलणं ऐकतील. इतका बदल श्रुतिकेत दाखवता येत नाही. म्हणून एकच बदल निवडा, तो व्याकरणातला असू द्या आणि शेवटपर्यंत काटेकोर पाळा.

आम्ही 'आम्ही' काढून टाकलं. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' वेगळे आहेत. 'आपण' मध्ये समोरचा येतो, 'आम्ही' मध्ये त्याला बाहेर ठेवलेलं असतं. हिंदीत दोन्हींना एकच 'हम'. आमच्या भविष्यातल्या माणसांनी समोरच्याला बाहेर ठेवणारा शब्दच गमावला आहे. ती परक्यालाही 'आपण कुठून आलो' विचारतात. 'आपण कुठून आलात' ऐकायची सवय असलेला कान त्या 'आलो' वर अडखळतो आणि तो अडखळला की काळ बदललेला असतो. माणूसजात पुढे कशी असेल याबद्दल मला जे म्हणायचं होतं ते सगळं एवढ्या एका सर्वनामात आहे. तिथलं जग चांगलं की भयाण, यावर आमच्या पाच जणांत शेवटपर्यंत एकमत झालं नाही आणि मी ते होऊ दिलं नाही.

तुमचा बदल दुसरा असेल. भविष्यकाळाची क्रियापदंच वापरत नाहीत अशी माणसं, किंवा 'माझं' न म्हणणारी मुलं. पण एकच घ्या. आणि पहिल्या दृश्यातल्या पात्रांना तो शब्द ठसठशीत वापरू द्या, म्हणजे त्याची उणीव नंतर टोचेल. सोपारा बंदरातून आलेला आमचा व्यापारी पहिल्याच वाक्यात म्हणतो, 'आम्ही सोपाऱ्याचे.'

पाचवी पायरी : तालीम आणि ध्वनिमुद्रण

दोन तालमी बसून, एक उभं राहून, एक डोळे मिटून. शेवटची चुकवू नका. नाटकातले नट चेहऱ्याने आणि हाताने खूप बोलतात, माईकला त्यातलं काहीच कळत नाही. आवाज मागच्या रांगेपर्यंत फेकायची सवयही इथे आड येते. माईक म्हणजे कानाशी बसलेला माणूस.

खोली लहान, सामानाने भरलेली निवडा. कपड्यांचं उघडं कपाट नटाच्या पाठीमागे, भिंतींवर गोधड्या, फरशीवर सतरंजी. टाळी वाजवून पाहा, ती 'खण्ण' न करता जागच्या जागी संपली पाहिजे. पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे घरी निघताना तो पुन्हा चालू करायची आठवण राहते. आम्ही रात्री साडेदहानंतर बसायचो, कारण त्याआधी रस्ता बोलत असतो.

माईक तोंडापासून वीतभर लांब आणि जरासा तिरका, समोर पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातल्या हवेचा झोत अडवणारी जाळी. 'फ', 'भ', 'प' चा फुत्कार तरीही येत असेल तर नटाला किंचित बाजूला बोलायला सांगा. सॉफ्टवेअर कोणतंही चालेल, ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेसं आहे. मुद्रणासाठी त्यात हे निवडा : ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाईल. मोठ्यात मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील अशी पातळी लावा. कमी आलेला आवाज वाढवता येतो, फाटलेला दुरुस्त होत नाही.

प्रत्येक टेकच्या आधी 'दृश्य तीन, टेक दोन' असं म्हणून टाळी द्या. शेवटी सगळ्यांनी श्वास धरल्यासारखं एक मिनिट गप्प बसायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा. संवादांमधल्या फटी भरायला तोच लागतो. त्याच रात्री सगळ्या फाईली दुसऱ्या डिस्कवर टाका.

सहावी पायरी : आवाज घडवणं

पावसाळ्यात आम्ही नाणेघाटात वारा मुद्रित करायला गेलो. तिथला वारा इतका जोराचा असतो की खाली पडणारं पाणी उलटं वर उडतं. लोक ते बघायलाच येतात. तीन तास मुद्रण केलं. घरी येऊन ऐकलं तर नुसता धडधडाट. वाऱ्याने माईकच्या पडद्यावर थापा मारल्या होत्या आणि आम्ही नेलेली स्पंजची टोपी कुचकामी ठरली होती. पुढच्या वेळी केसाळ टोपी नेली, माईक लेण्याच्या आत, वाऱ्याच्या आडोशाला ठेवला आणि तोंड बाहेर केलं. आता जो वारा मिळाला तो दगडावरून येणारा होता. श्रुतिकेत तिन्ही काळांत तोच वापरला आहे, काटछाट न करता.

आता रांजण. खऱ्या रांजणात काही टाकायला आम्ही गेलो नाही, ती वारशाची वस्तू आहे. घरातला दगडी खल आणि एक उभट मातीचा माठ घेतला. माईक माठाच्या तोंडाशी, खल आत. सातवाहनांची पुष्कळशी नाणी शिशाची आणि पोटीन नावाच्या मिश्रधातूची होती. शिसं खणखणत नाही. मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिसं आणलं, हातोडीने चपटं केलं आणि खलात टाकलं. 'थप' असा आवाज आला. ओल्या मातीवर सुपारी पडावी तसा. (शिसं हाताळल्यावर हात साबणाने नीट धुवा, मुलांच्या हाती देऊ नका आणि तो खल पुन्हा स्वयंपाकात आणू नका.) स्टीलचा रुपया पडला तो उंच, बारीक 'खण्ण' करत तीनदा उसळला. शेवटचा खडा : दगडावर दगड, 'टक', आणि संपलं. जुना आवाज मंद, मधला चकचकीत, पुढचा कोरडा. हे आम्ही ठरवलं नव्हतं, वस्तूंनीच ठरवलं.

काळाच्या उडीसाठी 'शूँ' करणारा तयार आवाज लावू नका. ऐकणाऱ्याला तो हजार ठिकाणी ऐकून माहीत असतो. बीबीसीच्या 'डॉक्टर हू' मधल्या काळयंत्राचा प्रसिद्ध आवाज १९६३ मध्ये ब्रायन हॉजसन यांनी एका जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवरून घराची किल्ली घासून मिळवला होता, मग तो फितीवर हवा तसा घडवला. म्हणजे मूळ वस्तू घरातलीच. आमची उडी नाण्याच्या आवाजातच आहे. शिसं 'थप' पडतं, त्याचा विरत जाणारा घुमारा लांबवला आहे आणि तो संपता संपता रुपया 'खण्ण' करतो. मधली दोन हजार वर्षं अडीच सेकंदांत.

घरातल्या आणखी काही गोष्टी कामाच्या : करवंट्यांच्या टापा सगळ्यांना ठाऊक आहेत. सुपात मोहरी घोळवली की लांबचा समुद्र. पत्रा हलवला की गडगडाट. हाड मोडायचं असेल तर गाजर किंवा शेवग्याची ताजी शेंग. ताणलेल्या स्प्रिंगच्या खेळण्याला टिचकी मारली की विजेच्या शस्त्रासारखा 'प्यूं' निघतो, पण तो एखाद्याच ठिकाणी वापरा.

अंतराळयान असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : बाहेर आवाज नाही, आत शांतता नाही. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप वर जात नाही. पंखे सतत फिरते ठेवले नाहीत तर श्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवती साचतो. म्हणून यानात पंख्याची घरघर कायम असते. आम्ही शेजारच्या खोलीतला कूलर भिंतीपलीकडून मुद्रित केला आणि त्यातली वरची पट्टी कापली. दहा वर्षांच्या प्रवासाचं दृश्य तीन मिनिटांचं आहे. त्याच्या शेवटी ती घरघर एकदम थांबते आणि शालन उतरलेली आहे हे कोणी न सांगता कळतं.

कथा मंगळावर नेणार असाल तर संवाद फोनसारखे लिहू नका. पृथ्वी आणि मंगळ यांच्यात संदेश एका दिशेने जायला, दोन्ही ग्रह कुठे आहेत त्यावर, साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात. तिथल्या विरळ हवेत आवाज हळू आणि दबका जातो, उंच पट्टी लवकर मरते. नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीने २०२१ पासून तिथले खरे आवाज पाठवले आहेत. लिहिण्याआधी ते ऐका.

सातवी पायरी : जुळणी आणि मिश्रण

आधी फक्त संवाद ओळीने लावा, कोणताही ध्वनी न घालता. तेवढ्यावर गोष्ट कळली पाहिजे. मग वातावरण, मग हालचालीचे आवाज, संगीत सगळ्यात शेवटी आणि नाही लागलं तर नाहीच. चित्रपटगीताचा तुकडा परवानगीशिवाय लावू नका. दुसऱ्याची कथा घेत असाल तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत तिचे हक्क राखीव असतात.

प्रत्येक संवादावर ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, घुमघुम जाते. घुमारा काळाप्रमाणे बदला. आम्ही सातवाहनांच्या दृश्याला लेण्याचा थोडा घुमारा दिला, २०५० ला उघड्यावरचा पसारा आणि २७५७ पूर्ण कोरडं ठेवलं, जणू ती मुलगी तुमच्या कानाशीच बसली आहे. शालनच्या आवाजात मात्र थोडा घुमारा तसाच राहू दिला. ती त्या काळात मिसळलेली नाही हे त्यातून जाणवतं.

अंतिम पातळी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणारा सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) आणि सर्वोच्च टोक उणे १ डेसिबल ठेवलं की मोबाईलवर आवाज नीट पोचतो. ऐकून पाहा ते तीन ठिकाणी : हेडफोन, गाडी आणि मोबाईलचा साधा स्पीकर. मोबाईलवर शिशाचं नाणं ऐकूच येईना, म्हणून त्याच्या खाली दगडावर नख घासल्याचा एक बारीक आवाज जोडला. १२८ केबीपीएसची एमपी३ केली तर २५ मिनिटांची फाईल सुमारे २४ एमबीची होते. मूळ वेव्ह फाईली आणि सगळी जुळणी जपून ठेवा.

शेवटची चाचणी

संहिता न वाचलेल्या तीन माणसांना बोलवा. निदान एक साठीच्या पुढची आणि एक पंधराच्या आतली. दिवे बंद करा. कागद-पेन्सिल देऊन एवढंच सांगा की काळ बदलला असं वाटलं की एक रेघ मारायची. तुम्ही हातात घड्याळ घेऊन बसा आणि रेघा कधी पडतात ते लिहा. मध्ये काही समजावून सांगू नका.

आमच्याकडे पहिली उडी तिघांनीही पकडली, दुसरी दोघांनी. तेरा वर्षांच्या मुलाने यान उतरल्यावर रेघ मारलीच नाही. त्याची रेघ पडली ती बरोबर 'आपण कुठून आलो' वर. दुसऱ्या दिवशी मी त्या वाक्याच्या आधीची पावलं अर्ध्या सेकंदाने लवकर थांबवली आणि ते वाक्य मोकळ्या जागेत एकटं ठेवलं.